तीन मिनिटांत सांग बरं!

हळदीकुंकू असो, बचत गटाची बैठक असो की एसटीची रांग, "लेक काय करते?" हा प्रश्न ठरलेला. "पीएच.डी. करतेय," असं मी ऐटीत सांगायची. पुढचा प्रश्न आला, "कशात?" की माझी बोबडी वळायची. "बुरशीवर काहीतरी आहे," म्हणून मी विषय बदलायची. लेकीला विचारावं तर ती म्हणायची, "आई, तुला नाही कळणार ते." रागाने नव्हती म्हणत, पण दहावीपर्यंत जिचा अभ्यास मी घेतला, तिने असं म्हटलं की आत कुठेतरी टोचायचं.

गेल्या दिवाळीत मात्र तीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तीन मिनिटं ऐक. कळलं नाही तिथे थांबव." विद्यापीठात स्पर्धा होती. आपलं संशोधन तीन मिनिटांत, कुणालाही कळेल असं सांगायचं. त्यांच्या मॅडमनी तयारीचा पहिला गृहपाठ दिला होता : घरातल्या माणसाला सांगून या!

या स्पर्धेची जन्मकथा मोठी गमतीची आहे. २००८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात कडक दुष्काळ होता. पाणी वाचावं म्हणून लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ उरकत. ते पाहून क्वीन्सलँड विद्यापीठाचे प्राध्यापक अ‍ॅलन लॉसन यांना सुचलं, संशोधकांच्या बोलण्यालाही असंच घड्याळ लावलं तर? पहिल्याच वर्षी १६० जण उतरले. आज ही स्पर्धा जगभर होते. पडद्यावर एकच स्थिर चित्र. हातात वस्तू घ्यायची नाही, कविता-गाणं चालत नाही, आणि तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद! ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील म्हणे.

तर लेकीने सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस', दुसऱ्यात 'मायकोटॉक्सिन'. मी हात वर केला. चार वेळा थांबवल्यावर मी विचारलं, "म्हणजे शेंगदाण्याला ती हिरवट बुरशी येते, तीच का गं?"

"हो, तीच!"

या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा शोध घेतला तर त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड बुरशीने खराब झालेली निघाली. माणसाच्या पोटात ते वर्षानुवर्षं जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो.

"पण भाजल्यावर जात असेल ना?"

"थोडं कमी होतं. पूर्ण नाही जात."

मी मटकन खालीच बसले. पावसाळ्यात डब्यातल्या दाण्यांना बुरशी आली की ते धुवायचे, वाळवायचे, खमंग भाजून कूट करायचं, ही आमच्याकडे सासूबाईंपासूनची रीत. "तीन वर्षं तू हेच शिकतेयस, आणि आपल्याच घरात आम्ही ते खातोय?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुला कळणार नाही."

त्यानंतर आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसलो. यंत्रांची नावं गेली, आकडे गेले. 'शेंगांतली ओल ८ टक्क्यांपर्यंत आणणे' याचं मी सुचवलं, "शेंग कानाशी हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत." माझे वडील असंच बघायचे. लेक हसली आणि तिने ते लिहून घेतलं. चित्र म्हणून आमच्या दाण्यांच्या डब्याचा फोटो.

एका ठिकाणी मात्र तिने माझं ऐकलं नाही. मी म्हटलं, "सरळ सांग ना, शेंगदाणे खाऊच नका. घाबरले की ऐकतात लोक." ती म्हणाली, "आई, सोपं सांगायचंय, खोटं नाही. नीट वाळवलेले, निवडून घेतलेले चांगले दाणे खुशाल खावेत. बुरसटलेले, सुरकुतलेले, रंग बदललेले टाकून द्यावेत. एवढंच खरं आहे." त्या क्षणी मला कळलं, तिच्या मॅडम तिला नुसतं भाषण शिकवत नव्हत्या. काय गाळायचं आणि काय कधीच गाळायचं नाही, हे शिकवत होत्या.

स्पर्धेत बक्षीस नाही मिळालं. चार सेकंद जास्त झाले, बाद झाली! पण आमचा बचत गट शेंगदाण्याची चटणी करून विकतो. पुढच्याच बैठकीत मी उभी राहिले आणि लेकीचं सगळं काम सांगितलं. आता ताटं घेऊन दाणे निवडल्याशिवाय आमची कढई चुलीवर चढत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं शिकलेलं लेकरू "तुला नाही कळणार" म्हणालं, तर गप्प बसू नका. घड्याळ समोर ठेवा आणि म्हणा, "तीन मिनिटं देते, सांग बरं!"