सुटकेचा फोटो निघाल्यानंतर

30 जुलैचा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन जवळ आला, की रेल्वे स्थानकांवर लगबग वाढते. फलक लागतात, पथनाट्यं होतात, ‘इतक्या बालकांची सुटका’ अशा बातम्या येतात. सोबत ठरलेला फोटो असतो, चेहरे धूसर केलेली मुलं आणि त्यांच्या मागे रांगेत उभे गणवेशधारी. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत 2018 पासून मे 2024 पर्यंत 84,119 मुलं ताब्यात घेऊन सुरक्षित ठिकाणी पोचवल्याचं रेल्वेने सांगितलं आहे. आकडा मोठा आहे आणि कामही खरं आहे. पण यातली किती मुलं वर्षभरानंतर घरी होती, किती पुन्हा पळाली, किती त्याच दलालाच्या हाती लागली, याची बातमी सहसा होत नाही.

फलाटावरच्या घाईची किंमत काय असू शकते, हे मनमाड आणि भुसावळने 2023 मध्ये पाहिलं. 30 मे रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया भागातली 59 मुलं या दोन स्थानकांवर उतरवून घेण्यात आली. मुलं पुणे आणि सांगलीच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा लागला आणि ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले. मुलांनी बारा दिवस नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतल्या बालगृहांत काढले. वाहिन्यांनी निकाल त्याआधीच देऊन टाकला होता. मार्च 2024 मध्ये लोहमार्ग पोलिसांनी गुन्हे गैरसमजातून दाखल झाल्याचं सांगत दोन्ही प्रकरणं बंद केली. पहिल्या बातमीला मिळालेल्या जागेच्या पासंगालाही ही दुसरी बातमी पुरली नाही.

गाडी थांबवून विचारपूस करण्यात गैर काहीच नव्हतं. मुंबईतल्या जरीच्या आणि बॅगांच्या कारखान्यांसाठी मुलं आणली जातात तीही याच मार्गावरच्या गाड्यांतून. त्यांच्यासोबतचा माणूसही ‘मामा’ किंवा ‘गाववाला’च असतो. कोण शिकायला निघालंय आणि कोण विकलं गेलंय, हे डब्याच्या दारात उभं राहून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाशी एकेकट्याने, त्याच्या भाषेत, घाई न करता बोलावं लागतं. हे काम केस वर्करचं.

कागदावर व्यवस्था चोख आहे. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांत मूल बाल कल्याण समितीपुढे उभं राहिलं पाहिजे. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत व्हायला हवा. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक देखभाल आराखडा वेगळा करायचा असतो. मूल परप्रांतातलं असेल तर तिथल्या समितीशी पत्रव्यवहार, घराची पडताळणी आणि मग पोलीस किंवा संस्थेच्या माणसाबरोबर परतीचा प्रवास. समितीचा आदेश त्या तपासणी अहवालाच्या आधारे होतो, म्हणून तो अहवाल लिहिणाऱ्याच्या खांद्यावर सगळा भार येतो.

आणि तो अहवाल पत्त्यापाशीच अडतो. आठ वर्षांचा मुलगा गावाचं नाव ‘रामपूर’ सांगतो. बिहार-उत्तर प्रदेशात रामपूर किती असतील याची गणती नाही. मग जाणता केस वर्कर पत्ता विचारणं सोडून देतो. आठवडी बाजार कुठल्या वारी भरायचा? शाळेच्या भिंतीवर काय रंगवलं होतं? आजोळी जायला बस धरायची की नदी ओलांडायची? वीटभट्टी होती का? आई चुलीवर काय रांधायची? अशा तुकड्यांतून तालुका हाती लागतो, मग ठाण्याला फोन, मुखियाला फोन, शाळेच्या हेडमास्तरांना फोन. कधी यंत्र धावून येतं. नागपूरच्या आधार केंद्रात 2021 मध्ये एका मुलाची नोंदणी होईना, कारण त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते. त्या जुन्या नोंदीवरून जबलपूरचं कुटुंब सापडलं, मूल हरवल्यानंतर दहा वर्षांनी.

पत्ता मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं समजण्याची मात्र सरकारी सवय आहे. ‘नन्हे फरिश्ते’च्या 2018 मधल्या 17,112 मुलांपैकी 13,187 घरातून पळालेली होती आणि अपहरण झालेली 87. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत घरी काहीतरी बिनसलेलं होतं. कुणाच्या घरी मार असेल, कुणाला शाळेची धास्ती, कुणाला मुंबईचं वेड. तिकीट काढून अशा मुलाला त्याच दारात सोडून येणं याला पुनर्वसन म्हणणं धाडसाचं आहे.

तस्करीतून सुटलेल्या मुलींच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण विकणारा कित्येकदा घरचाच असतो. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेने हा अनुभव थेट कोर्टात नेला. छाप्यात सुटलेल्या अल्पवयीन मुलीला प्रोबेशन अधिकाऱ्याच्या चौकशीशिवाय सोडू नये, पालक म्हणवणाऱ्यांकडेही खातरजमेशिवाय देऊ नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2002 मध्ये बजावलं ते याच संस्थेच्या याचिकेवर. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू करणाऱ्या प्रीती आणि प्रवीण पाटकर यांचं वेगळेपण असं, की छाप्याच्या थरारापेक्षा त्यानंतरच्या वर्षांकडे त्यांनी जास्त लक्ष दिलं.

चौकशी नुसती असून भागत नाही, ती माणसाची असावी लागते. 2020 मध्ये याच उच्च न्यायालयाने देहविक्रयाच्या छाप्यात सापडलेल्या तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून मोकळं केलं. त्यांना आयांकडे न देता वर्षभर संस्थेत ठेवण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यांनी दिला होता. त्यांच्यासमोरच्या प्रोबेशन अहवालात मुलींच्या जातीतल्या देहविक्रयाच्या प्रथेचा पाढा होता. या तिघींना काय हवंय, हा प्रश्न मागेच पडला. वाईट अहवाल कसा असतो याचा हा वस्तुपाठ प्रत्येक प्रशिक्षणात वाचून दाखवावा.

अशी कामं करणारी माणसं येतात कुठून? 1098 ही मदतवाहिनी जेरू बिलिमोरिया यांनी 1996 मध्ये मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने सुरू केली, ती फलाटांवरच्या मुलांशी बोलून. पुढे देशभर पसरलेलं तिचं जाळं स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी चालवलं. 2023 पासून सरकारने ती टप्प्याटप्प्याने जिल्हा यंत्रणेकडे घेतली आणि पोलिसांच्या 112 शी जोडली. जबाबदारी सरकारची आहे, तेव्हा ती सरकारने घेतली याचं स्वागतच. पण मुलाचा विश्वास कमावलेल्या जुन्या हातांना त्यात बाजूला सारणं हा निव्वळ करंटेपणा होता. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्याचं मासिक मानधन 10,592 रुपये आहे. एवढ्या पैशात फोनचा, एसटीचा खर्च निभावून वर्षभरानंतर अररियातल्या मुलाची ख्यालीखुशाली कोण विचारणार?

यंदाच्या 30 जुलैला रेल्वेने आणि महिला व बालविकास विभागाने सुटकेच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे छापावेत. किती मुलांचा तपासणी अहवाल पंधरा दिवसांत झाला, घरी पाठवलेल्या किती मुलांची वर्षानंतर पुन्हा भेट घेतली आणि किती मुलं दुसऱ्यांदा फलाटावर सापडली. आमदार-खासदारांनी हेच तीन प्रश्न सभागृहात विचारले, तर उत्तर देणं विभागाला भाग पडेल.