गाडीतील ओले कार्पेट आणि तळाचा पत्रा



पाऊस ओसरला की गट कार्यालयात ऊस नोंदीच्या कामाबरोबर हल्ली आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, गाडीत कुबट वास मारतोय, काय करावं?" विषय उसाचा नाही हे खरे. परंतु जीप असो, जुनी अँबॅसडर असो की अलीकडची मोटार, आपल्याकडे ती माणसांइतकीच खताची पोतीही वाहते. तेव्हा या अंकात खोडव्याऐवजी थोडे गाडीच्या पोटात डोकावू.

गाडीत पायाखाली तीन थर असतात. वर कार्पेट, त्याखाली चिंध्यांचा किंवा तागाचा जाड नमदा (याला मिस्त्री फेल्ट म्हणतात), आणि अगदी पत्र्याला चिकटलेली डांबरी शीट. ही शीट कशासाठी, हे घरी करून पाहता येते. रिकामे ताट वाजवा, ते घणघणते. त्यावर कणकेचा गोळा थापून पुन्हा वाजवा, नुसते 'ठप्प' होते. पत्र्याची थरथर डांबर आपल्या अंगात जिरवते आणि उरलेला आवाज नमदा शोषतो. व्यवस्था उत्तम, फक्त पाणी शिरेपर्यंत! एकदा नमदा भिजला की वरून कार्पेट कोरडे दिसते आणि खाली पत्रा महिनोन् महिने ओल्या पोतेऱ्याखाली राहतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, शिवाय समुद्राची खारी हवा. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरून तिकडे जाणे-येणे आपल्याला नेहमीचेच. हौसेने काही जण गाडी थेट वाळूत घालतात, आणि पोरांच्या ओल्या पायांबरोबर मीठ आत येते. मिठाचा गुण असा, की हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढू लागते. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर सुटतो, त्यातलाच प्रकार. म्हणजे खारे पाणी प्यालेला नमदा पावसाळाभर वाळतच नाही. आणि हसू नका, आपण घाटावरचे लोकही काही कमी करीत नाही. युरिया ३० अंश तापमानाला सुमारे ७३ टक्के आर्द्रतेला पाणी ओढतो, पोटॅश ८४ टक्क्यांना. पोत्याच्या शिवणीतून सांडलेले मूठभर पोटॅश डिकीच्या नमद्यात बसले, की त्यातील क्लोराईड पत्रा खाते. मीठ करते तेच काम!

पुराची गोष्ट याहून गंभीर. दि. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पाण्याने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तिच्याबरोबर असंख्य गाड्या बुडाल्या. त्याच दिवसांत पंचगंगेकाठी आपणही पूर पाहिला, आणि ऑगस्ट २०१९ तर कोणी विसरणार नाही. पुरातून निघालेली गाडी धुऊन-पुसून जुन्या बाजारात उभी राहू शकते. म्हणून जुनी गाडी घेताना रंगावर जाऊ नका. दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचकून कार्पेटचा कोपरा वर करा, नमदा मुठीत दाबून पाहा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ असेल तर तिथे दिसते. सीटच्या रुळांवरचा गंज पाहा. विकणारा कार्पेट उचलू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा, हे माझे स्पष्ट मत.

एवढी काळजी का? तर सीटचे आणि पट्ट्याचे बोल्ट याच पत्र्यात अडकवलेले असतात. पत्रा कुजला तर धडकेच्या वेळी पट्टा बांधलेला असूनही माणूस सीटसकट पुढे जातो.

आता काढण्याचे काम. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. एअरबॅगची गाडी असेल तर तार सोडल्यावर किमान दहा मिनिटे, किंवा कंपनीच्या पुस्तकात दिली असेल तितकी वेळ, थांबावे आणि मगच सीटखालची पिवळी जोडणी सुटी करावी. सीट बाहेर असताना चावी फिरवू नये. मधल्या बोगद्यावर एअरबॅगचा डबा असतो, त्याच्या आसपास हातोडी चालवू नये. पुरात बुडालेला डबा तर जाणकाराकडूनच तपासून घ्यावा. सीटला बहुधा चार बोल्ट असतात. सीट पुढे सरकवून मागचे काढावेत, मागे सरकवून पुढचे. बोल्ट त्या त्या सीटच्या नावाने डब्यात ठेवावेत, नाही तर बसवताना तारांबळ उडते. मग उंबऱ्याच्या पट्ट्या, गिअरभोवतीचा भाग आणि पट्ट्यांचे खालचे बोल्ट काढले की कार्पेट दारातून निघते. ओढाओढ करू नये, खालून वायरी जातात.

डांबरी शीट मात्र सरसकट उखडू नका. पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहा. भरीव आवाज आला, कडा चिकटलेल्या असल्या, तर ती पत्र्याचे रक्षणच करते आहे, राहू द्या. पोकळ वाजते, भेगाळली आहे, कडेला गंज दिसतो, तिथे काढलीच पाहिजे. त्यासाठी हीट गनने हळूहळू तापवून मऊ करावी आणि पुट्टीच्या पट्टीने खरवडावी. ब्लो-लँप लावायचा नाही! खालून इंधनाची आणि ब्रेकची नळी जाते. राहिलेले डांबर पत्रा थंड झाल्यावर, दारे उघडी ठेवून, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावे. पेट्रोल वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती तळातच साठते आणि एक ठिणगी पुरते. परदेशात कोरडा बर्फ पसरून शीट ठिसूळ करतात व ठोकून काढतात. पण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साईड बंद गाडीत जीवघेणा ठरतो. फार जुन्या गाडीच्या शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ग्राइंडर लावून धूळ उडवू नये.

उघडा झालेला पत्रा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा, म्हणजे मीठ आणि खत निघून जाईल. तळाची रबरी बुचे काढली की पाणी खाली जाते. पुरते वाळल्यावर तारेच्या ब्रशने गंज खरवडून प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात द्यावेत. भोक पडले असेल तर वेल्डिंगच हवे. डांबर थापून झाकलेले भोक आतून वाढतच राहते.

आणि पाणी आले कुठून हे शोधल्याशिवाय नवे कार्पेट टाकू नये. पावसानंतर ओल दिसली तर वायपरखालची जाळी बघा. आंब्याखाली उभ्या गाडीत ती पानांनी तुंबते. फक्त एसी चालवल्यावर पुढच्या सीटपुढे ओल येत असेल, तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली आहे. पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर हीटरची जाळी गळते.

जुना नमदा फेकून द्यावा, तो धुऊन कधीच नीट वाळत नाही. कार्पेट धुऊन दोन-तीन उन्हे द्यावीत. हे काम दिवाळीनंतर, कडक उन्हात आणि तोडणी अंगावर येण्याआधी काढावे. एका माणसाला दोन दिवस पुरतात. पुढे खताची पोती न्यायची असतील तर डिकीत जाड ताडपत्री अंथरा, आणि ती घरी आल्यावर बाहेर काढून झटका.