दहा कुंड्या, झाड एकच
शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी मांसल खोडाची वनस्पती. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच जागी ती तग धरून आहे. खोडाचा तुकडा मातीत खोचला की रोप तयार. पण ते मूळ झाडाचीच नक्कल. दहा कुंड्या, झाड एकच! डोळ्यांना हे कळत नाही, जनुकीय खुणांना कळतं. डीएनएमध्ये काही ठिकाणी 'सीए-सीए-सीए' अशी अक्षरं पुन्हा पुन्हा येतात; एका झाडात बारा वेळा, दुसऱ्यात पंधरा. नखाएवढ्या पानातूनही हा आकडा काढता येतो. डीएनएतल्या अशा बऱ्याच जागा ताडून पाहिल्या की दोन गडांवरची झाडं एकमेकांपासून किती दुरावली आहेत ते दिसतं. कड्यांवर रोपं पुन्हा लावणाऱ्यांनी नुसती संख्या मोजू नये, आधी ही तपासणी करून घ्यावी.