नव्वद सेकंद, नव्वद टक्के

"बर्फ बनलाच नाही पाहिजे, काकू. बनला, की बीज गेलं."

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात ही मुलगी भ्रूणतज्ज्ञ आहे. इथल्याच मराठी घरातली, बोलण्यात हिंदी सहज मिसळणारी. ओळखीतल्या एका तरुणीला केमोथेरपीआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवायला सांगितलं होतं. गोठवायचं, पण बर्फ होऊ द्यायचा नाही, हे काय प्रकरण ते बघायला मी गेले. दाराशीच केसांतला गजरा काढावा लागला. आत अत्तर, फुलं चालत नाहीत. हवेतले वासाचे कणही बीजाला बाधू शकतात. मे महिन्यात मोगऱ्याने घमघमणाऱ्या जबलपुरात या खोलीला मात्र कसलाच वास नव्हता.

स्त्रीबीज म्हणजे शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, तरी जेमतेम दशांश मिलिमीटरचं. आत पाणीच पाणी. त्याचे स्फटिक झाले, की पेशी आतून फाटते. गुणसूत्रं ओळीत धरणारे तंतूही थंडीने विस्कटतात. १९८६ साली ऑस्ट्रेलियात ख्रिस्तोफर चेन यांनी गोठवलेल्या बीजापासून गर्भधारणा घडवली, पण पुढे बरीच वर्षं यश तुरळकच राहिलं. तोड निघाली ती वेगाची. पाण्याला स्फटिक व्हायला फुरसतच द्यायची नाही, ते काचेसारखं थिजवायचं. जपानच्या मासाशिगे कुवायामांनी त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद पट्टी रूढ केली.

पडद्यावर बीज दिसत होतं. पहिल्या द्रावणात ते आकसलं, मग हळूहळू फुगून पूर्ववत झालं. या द्रावणात डीएमएसओ असतं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी १९७८ साली भ्रूण गोठवताना हेच रसायन वापरलं होतं. त्यांच्यावर तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

दुसरं द्रावण दुप्पट तीव्र, त्यात साखरही. मीठ लावलेल्या कैरीला सुटावं तसं बीजातलं पाणी बाहेर आलं. इथून हाताशी फार तर नव्वद सेकंद. जे द्रावण बीज वाचवतं, तेच जास्त वेळ लागलं तर विष ठरतं. "नव्वद सेकंद. मग बाहेर कुणी कितीही आवाज देऊ दे." कोपरं टेबलावर टेकवून तिने बीज पट्टीवर ठेवलं, भोवतीचा जादा थेंब शोषून घेतला आणि पट्टी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. घड्याळाकडे तिने पाहिलंही नाही. नव्वद सेकंद तिच्या हातातच मोजले जात असावेत.

त्या टाक्यांना वीज लागत नाही. उडून जाणारा नायट्रोजन तेवढा वेळेवर भरावा लागतो. खरी परीक्षा पुढेच आहे. पीटर मझूर आणि शिन्सुके सेकी यांनी २०११ साली उंदरांच्या बीजांवर दाखवलं, की थंड करण्यापेक्षा परत ऊब देण्याचा वेग अधिक निर्णायक असतो. रेंगाळलात, तर टळलेला बर्फ परतीच्या वाटेवर धरतो. शिवाय या प्रक्रियेत बीजाचं कवच टणक होतं, म्हणून शुक्राणू सुईने आत सोडतात.

बाहेर समुपदेशक बाई एका जोडप्याला सांगत होत्या, "नव्वद टक्के बीजं वाचतात." खोटं नाही, चांगल्या प्रयोगशाळांत साधारण तेवढी तगतात. पण तगलेल्या प्रत्येक बीजाचं फलन होत नाही, प्रत्येक भ्रूण रुजत नाही. एका बीजामागे मूल होण्याची शक्यता शेकड्यात थोडीच उरते आणि वयाबरोबर आणखी घटते. पस्तिशीत गोठवलेलं बीज पस्तिशीचंच राहतं, पंचविशीचं होत नाही.

केमोथेरपीआधी आलेल्या मुलीपुढे दुसरा मार्ग फारसा नसतो. तिला हा आधार मिळालाच पाहिजे. निवांत ठरवू म्हणणाऱ्यांना मात्र तोच आकडा हमीसारखा ऐकू येतो. मी त्या भ्रूणतज्ज्ञ मुलीला विचारलं, इथून किती जणी बीज परत न्यायला आल्या? "अजून फारशा नाही, काकू. तो हिशेब व्हायचाय."

नव्वद टक्के ही तिच्या हातांची कमाई आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. पण पैसे भरण्याआधी प्रत्येकीने विचारावं: या केंद्रात किती बीजं बाहेर काढली आणि किती मुलं जन्मली?