कात्रीच्या सोयीने बसवलेलं गाणं

३० एप्रिलच्या जाझ दिनानिमित्त ग्लेन मिलर, बेनी गुडमन या अमेरिकी जाझ वाद्यवृंदप्रमुखांची नावं पुन्हा कानावर पडतील. त्यांचे सिनेमे जरूर बघा. फक्त गाणं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, यावर नजर ठेवा.

'सन व्हॅली सेरेनेड' (१९४१) घ्या. कथा बेताचीच: बर्फ, स्केटिंगची तारका सोन्या हेनी, प्रेमातली चढाओढ. पण मिलरच्या वाद्यवृंदाने 'चॅटनूगा चू चू' सुरू केलं, की सिनेमात जीव येतो. वाद्यं आगगाडीसारखी हळूहळू वेग घेतात आणि सॅक्सोफोनवादक टेक्स बेनेकी गायला पुढे येतो. त्याचं आटोपतं आणि रेल्वेच्या डब्याच्या सेटसमोर डोरोथी डँड्रिज आणि निकोलस बंधू नाचू लागतात. हे कृष्णवर्णीय कलाकार तोवर कथेत कुठेही नसतात, पुढेही दिसत नाहीत. हा योगायोग नव्हे. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय कलाकारांचे प्रसंग कापले जात. कापल्यावर कथेला धक्का लागू नये, अशाच बेताने ते बसवलेले असत. सिनेमातली सर्वांत देखणी मिनिटंच काढून टाकण्याजोगी ठेवायची, याचा मला आजही संताप येतो.

म्हणूनच 'हॉलिवूड हॉटेल' (१९३७) मोलाचा वाटतो. त्यात गुडमन आणि ड्रमवादक जीन क्रुपा या गोऱ्यांसोबत पियानोवर टेडी विल्सन आणि व्हायब्राफोनवर लायनेल हॅम्प्टन हे कृष्णवर्णीय वाजवतात. चौकडीतला एकही वगळता येत नाही.

'स्टॉर्मी वेदर'मध्ये (१९४३) प्रमुख कलाकार कृष्णवर्णीयच, त्यामुळे कात्रीला वावच नव्हता. कॅब कॅलोवेचा बँड वाजत असताना निकोलस बंधू वादकांमधून उड्या घेतात. मग भल्यामोठ्या जिन्यावर एकमेकांच्या डोक्यावरून झेपावत प्रत्येक पायरीवर पाय पूर्ण फाकून उतरतात, आणि हात न टेकता उठतात. पडद्यावर याहून सरस नाच मी पाहिलेला नाही.

या संगीताचा धागा आपल्यापर्यंतही पोचतो. मुंबईच्या ताजमध्ये जाझ वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला'त (१९५१) नुसता ऐकू येत नाही. एका गाण्यात तो आपला बँड घेऊन पडद्यावरही आहे.