नदी आपले पात्र का सोडते?

नाशिकमध्ये राहणाऱ्या आम्हां सर्वांना असे वाटते की गोदावरी आज जेथे आहे, तेथेच ती सदैव होती. पूर चढला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर त्याचे माप सांगतात. पूर ओसरतो आणि नदी पुन्हा आपल्या जागी येते. सर्वच नद्या मात्र अशा परतत नाहीत.

नदी केवळ पाणी वाहून नेत नाही. माती, वाळू आणि गोटेही नेते. हे ओझे वाहण्याचे बळ तिला उतारातून व वेगातून मिळते. डोंगर सोडून ती सपाटीला आली की वेग घटतो आणि ओझे खाली बसू लागते. वर्षानुवर्षे असे घडले की पात्राचा तळ व काठ उंचावतात आणि अखेर नदी भोवतालच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहू लागते. मग एखाद्या पुरात काठ फुटला, की ती खालच्या जमिनीवर उतरते आणि नवा मार्ग धरते.

दुसरी रीत संथ आहे. वळणावर बाहेरच्या बाजूस प्रवाह वेगवान असतो, तो काठ कापतो. आतल्या बाजूस तो मंद असतो, तेथे वाळू साचते. वळण वाढत जाऊन त्याची दोन टोके जवळ येतात आणि मधली चिंचोळी जमीन छेदून नदी सरळ निघते. मागे उरते ते घोड्याच्या नालाच्या आकाराचे तळे.

बिहारमधील कोसी हे पहिल्या रीतीचे ठळक उदाहरण होय. हिमालयातून अपार गाळ आणणारी ही नदी सुमारे अडीचशे वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकली. तिला बांधून ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंनी तटबंध घातले गेले. परंतु गाळ त्यांच्या आतच साचत राहिला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे तटबंध फुटला आणि कोसी पूर्वेकडील जुन्या वाटांवर धावली. लाखो लोकांचे संसार पाण्यात गेले. त्या दिवशीचा प्रवाह तटबंधाच्या क्षमतेच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी होता. घात केला तो उंचावलेल्या तळाने आणि दुर्लक्षित तटाने.

मग गोदावरी स्थिर का? ज्या काळ्या पाषाणात त्रिरश्मी लेणी कोरली गेली, तोच बेसाल्ट नाशिक परिसरात नदीच्या तळाशी आहे. खडकात रुतलेल्या नदीला कूस पालटणे सोपे नसते. तथापि तीही अचल नाही. गंगापूर परिसरात नदीकाठच्या जुन्या गोट्यांच्या थरांत डॉ. ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन हत्यारे सापडली. आज जो काठ आहे, ते एके काळी पात्र होते. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा झाला, प्रवाह मंदावला आणि साचलेल्या गाळातून बेटे व पाणथळ जागा घडल्या. हीच गोदावरी पुढे आंध्र प्रदेशात धवळेश्वरमपाशी सपाटीवर येताच गौतमी व वसिष्ठा अशा शाखांत फुटते. नियम सर्वत्र एकच. उतार, गाळ आणि काठ मात्र निराळे.

म्हणूनच पूर जेथवर पोहोचतो, ती सारी जागा नदीचीच समजावी. आपल्या राज्यात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते, ती याच जाणिवेतून. या रेषांच्या आत झोपडी बांधतात ते बहुधा ज्यांना अन्यत्र जागा परवडत नाही ते लोक; पुराची पहिली झळ त्यांनाच बसते. नदीचे ज्ञान हा म्हणून केवळ भूगोलाचा धडा नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर आपल्या नदीचा काठ न्याहाळावा: कोणता काठ कापला जातो, वाळू कोठे बसते, वडीलधारी माणसे जुने पात्र कोठे दाखवतात. नवे घर कोठे बांधू नये, हे त्यांना तेथेच कळेल.