काच का तडकते?

लोणच्यावर गरम फोडणी ओतली आणि बरणी टचकन तडकली, असं आपल्यापैकी किती जणींचं झालं असेल! मग हळहळ वाटते, ‘चांगली जाड काच होती, तरी कशी फुटली?’

मैत्रिणींनो, खरी मेख त्या जाडपणातच आहे. काचेतून उष्णता हळू पसरते. आतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते. या ओढाताणीत काच तडकते. पातळ काच लवकर सारखी तापते. कंदिलाच्या काचा पातळ असत, त्या उगीच नव्हे!

१९०८ साली तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांच्या पैसा-पैसा वर्गणीतून. काचकामात तयार वस्तू सावकाश निववावी लागते. घरातही हाच नियम पाळा. फोडणी पूर्ण निवू द्या. ऊन बरणी ओल्या ओट्यावर ठेवू नका.

आणि बरणी तडकलीच, तर लोणचं वेचून ठेवू नका. वर्षाची बेगमी टाकणं जिवावर येतं खरं. पण खारात काचेची कणी दिसत नाही. मुलाबाळांपेक्षा का लोणचं मोलाचं?